दोन गुणांचा प्रश्न: प्रकाश थांबत का नाही

आमची वहिनी शाळेतून आली की उभ्याउभ्याच पाणी पिते. खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवत नाही. बत्तीस वर्षं मी सांगतेय, अगं बाई, जरा बसून पी, घशाखाली तरी उतरू दे. पण पालथ्या घड्यावर पाणी. "बसले की उठणार नाही," एवढंच म्हणते, पेला विसळते आणि पदर खोचून कामाला लागते.

मी तिची नणंद, लग्न न झालेली, दादाच्या घरी राहणारी. म्हणजे गोष्टींमधली खलनायिकाच की! पण तसं काही झालं नाही, कारण भांडायला दोघींना वेळच नव्हता. ती माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, मी दवाखान्याच्या कपडेघरात चादरी आणि अभ्रे मोजते, फाटलेले शिवते. दादा पाण्याच्या टाकीवर पाळीने जातो आणि उरलेल्या वेळात झोपतो. पहिल्या दिवसापासून वहिनी मला "वन्सं" म्हणते. त्यात मान किती आणि चेष्टा किती, हे मला अजून कळलेलं नाही.

आमच्या घरात एक कामाची वाटणी होती, ती आधी सांगते. पेपर तपासायचे तिने, बेरीज करायची मी. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिच्या बेरजेत चूक निघाली आणि मुख्याध्यापक सगळ्यांसमोर तिला टाकून बोलले. घरी येऊन ती इतकी रडली, की मीच म्हटलं, आण इकडे, चादरी मोजते तसे मार्क मोजीन. हे नियमात बसत नाही, मला ठाऊक आहे. पण नियम करणाऱ्यांनी कधी साठ-साठ पेपरांचे सहा गठ्ठे एका आठवड्यात तपासलेत का? तेव्हापासून प्रत्येक सहामाहीला आणि वार्षिकला मी पलंगावर मांडी घालून बसते, लाल आकडे समासातून गोळा करते आणि पहिल्या पानावर मांडते. जाता जाता उत्तरंही वाचते. फुकटची करमणूक. एकाने "अंतर्वक्र आरशाचा उपयोग लिहा" याला लिहिलं होतं, "आजोबांना चिडवण्यासाठी". वहिनीने अर्धा मार्क दिला. म्हणाली, आरसा घरचा दिसतोय, प्रयोग तरी केलाय.

तर ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीच्या वार्षिक परीक्षेची. त्या वर्षी आमची आई अंथरुणाला खिळली होती. डावी बाजू गेलेली, बोलणं गेलेलं, फक्त डोळे फिरायचे. अकरा महिने. सकाळी मी तिचं सगळं करायची, दुपारी वहिनी शाळेतून आली की मी दवाखान्यात पळायची. दारातच आमची भेट. "अंग पुसलंय, औषध राहिलंय" एवढाच संवाद. वहिनी आईच्या पलंगाशी स्टूल ओढायची, मांडीवर पेपर ठेवायची आणि एका हाताने तपासायची. दुसरा हात आईच्या पाठीशी, कारण तिला कुशीवर धरून ठेवावं लागायचं, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. सासूसाठी एवढं कुणी करत नाही. मी तिची पोटची मुलगी, पण मीसुद्धा कधीकधी चिडायची. ती चिडली नाही. फक्त थकली. अशी थकली, की चालताना भिंतीला हात लावायची.

त्या वर्षी तिच्या नववीच्या वर्गात एक मुलगी होती. मुलांनी तिचं नाव "खोदकाम" पाडलं होतं, कारण एक प्रश्न विचारला की तिथेच खणत बसायची. का, आणि मग ते का, आणि मग त्याचं तरी का. वहिनीला आधी तिचं भारी कौतुक. "वन्सं, ही पोरगी मला घाम फोडते," असं हसून सांगायची. पुढे आई आजारी पडली आणि हसू आटलं.

तर एके दिवशी प्रकाशाचा धडा चालू असताना खोदकामने विचारलं, "बाई, प्रकाशाचे कण सारखे पळतच का असतात? कधी उभे का राहत नाहीत?" आदल्या रात्री वहिनीला डोळ्याला डोळा नव्हता. ती म्हणाली, "पोकळीत त्यांना अडवणारं काही नसतं, म्हणून." फळ्यावर लिहिलं. मुलांनी उतरवून घेतलं. खोदकाम उभीच. "पण बाई..." "बस खाली," वहिनी म्हणाली. हे सगळं तिनेच मला नंतर सांगितलं.

आणि तोच प्रश्न तिने वार्षिकला घातला, दोन गुणांना. कोणाचं लक्ष असतं ते कळावं म्हणून.

खोदकामचा पेपर माझ्या हातात आला तेव्हा मी तिचं उत्तर वाचलं. आजही पाठ आहे. "दगड थांबला तरी तो दगडच राहतो. प्रकाश थांबला तर तो प्रकाश राहत नाही, त्याची ऊब होते. म्हणून उभा राहिलेला प्रकाश कुणाला सापडत नाही. जो सापडतो तो पळतच असतो." खाली वहिनीच्या लाल अक्षरात: "वर्गात सांगितलेले लिहावे." आणि शून्य.

बेरीज झाली एकोणसाठ. त्या शाळेत साठ मिळाले की पुढे विज्ञानाची तुकडी मिळायची, साठाच्या खाली नाही. मी म्हटलं, "वहिनी, पोरगी एका मार्काने जातेय. बघ ना, कुठे अर्धा-अर्धा वाढतोय का." ती आईला कूस बदलून देत होती. मान वर न करता म्हणाली, "एकीला वाढवला तर सगळ्यांना वाढवावा लागेल, वन्सं. मला आता परत साठ पेपर उघडायची ताकद नाही." मला पटलं. मी एकोणसाठ लिहिले आणि पुढचा पेपर घेतला.

आता जे सांगते ते मी बावीस वर्षं पोटात ठेवलं होतं. निकालानंतरच्या रविवारी भर दुपारी दार वाजलं. आईला नुकतं धुऊनपुसून ठेवलं होतं आणि वहिनी स्टुलावर बसल्याबसल्याच झोपली होती, डोकं पलंगाच्या कठड्यावर. मी दार वीतभर उघडलं. बाहेर खोदकाम, वर्गाच्या फोटोत वहिनीने दाखवलेली. हातात वही.

"बाई आहेत?"

"झोपल्यात. काय काम आहे?"

"मला फक्त विचारायचंय, माझं उत्तर चूक कसं."

माझं टाळकं सरकलं. म्हटलं, "मार्क मागायला लोकांच्या घरी येतात का? लाज नाही वाटत? नियम म्हणजे नियम."

"मार्क नकोत हो. मला फक्त कळत नाहीये..."

मी दार लावलं. आतून ऐकत उभी राहिले. ती बराच वेळ तिथेच होती, मग जिन्यावरून पावलं गेली. वहिनी जागी झाली तेव्हा तिने विचारलं, कोण होतं? मी सांगितलं, चुकून आलं होतं कुणीतरी. आई पुढच्या महिन्यात गेली. खोदकामचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

वर्षं कशी गेली विचारू नका. वहिनी विज्ञान विभागाची प्रमुख झाली. म्हणजे पगार तोच आणि कपाटाच्या किल्ल्या जास्त. तिने शाळेसाठी प्रश्नसंच बनवला, उत्तरांसकट. नवे शिक्षक त्यावरूनच शिकवायचे आणि त्यावरूनच तपासायचे. तिचे गुडघे गेले, पोटऱ्यांवर निळ्या शिरा आल्या, खडूच्या धुळीने खोकला कायमचा मुक्कामाला आला. मुलगा शिकून दूर गेला. निवृत्तीला दोन महिने उरले तेव्हा शाळेने तिला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. आता बोला! घोडं म्हातारं झाल्यावर त्याला चालायला शिकवायचं.

बडबड करतच गेली. संध्याकाळी परत आली, पिशवी ठेवली आणि खुर्चीत बसली. पाणी न पिता. 

"काय गं? बरं नाही का?"

"वन्सं," ती म्हणाली, "मी बावीस वर्षं चूक शिकवतेय."

मग हळूहळू सांगितलं. शिकवायला आलेला माणूस तिच्या मुलाहून लहान. त्याने हॉलमधल्या सगळ्यांना विचारलं, प्रकाशाचे कण सतत गतीत का असतात? वहिनीने हात वर केला आणि तिचं ठरलेलं उत्तर दिलं, अडवणारं काही नसतं म्हणून. अर्ध्या हॉलने माना डोलावल्या. तो म्हणाला, "बाई, अडवणारं काही नसलं तर भिरकावलेला दगडही चालतच राहतो की. मग प्रकाशात वेगळं काय?" त्याने मग समजावलं. दगडाला वस्तुमान असतं, म्हणून तो उभा राहू शकतो, उभा राहिला तरी दगड म्हणून शिल्लक राहतो. प्रकाशाच्या कणाला वस्तुमानच नाही. त्याच्याकडे जे काही आहे ते सगळं पळण्यात आहे. वस्तुमान नाही आणि हालतही नाही, तर मग आहे काय? काहीच नाही. कुठे आदळला, शोषला गेला, की तो संपला, त्याची उष्णता झाली. उभा प्रकाश अशी वस्तूच नसते.

"म्हणजे तुझ्यासारखंच की," मी आपलं वातावरण हलकं करायला म्हटलं. "तू पण कधी बसत नाहीस."

"मला वस्तुमान आहे, वन्सं. सगळं गुडघ्यांत उतरलंय." एवढं बोलून ती हसली नाही. "त्या पोरीने हेच लिहिलं होतं. शब्द साधे होते, पण हेच. कुणी शिकवलं नव्हतं, स्वतःच्या डोक्याने लिहिलं होतं. आणि मी तिला शून्य दिलं."

मला वाटलं होतं, ती विसरली असेल. कसली विसरतेय!

दुसऱ्या दिवशी ती मुख्याध्यापकांकडे गेली, प्रश्नसंचातलं उत्तर बदलायला. ते म्हणाले, "बाई, दोन महिने राहिलेत, कशाला डोक्याला ताप? पुढच्या वर्षी बघू." तिने स्वतःच्या हाताने विभागातल्या चौदा प्रती दुरुस्त केल्या. घरी आली की एकच, कुठे असेल ती पोरगी? जुन्या हजेरीपटात पत्ता सापडला, तिथे आता वाहनतळ आहे. जेवताना मध्येच घास हातात धरून बसायची. "मी जायच्या आधी तिला सांगायला हवं. एवढंच करायचंय मला, बाकी निरोपसमारंभ वगैरे गेला खड्ड्यात."

आणि मला माहीत होतं ती कुठे आहे. दवाखान्याच्या वाटेवर चष्म्याचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत ती भिंगं घासते. सहा वर्षं मी तिला त्या खोलीच्या खिडकीतून बघत होते आणि मान वळवून पुढे जात होते. वहिनीला सांगायचं तर दाराचंही सांगावं लागलं असतं. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार? चार दिवस लपवलं. पाचव्या दिवशी भाजी निवडताना सगळं ओकले. रविवार, वही, वीतभर उघडलेलं दार, सगळं.

ती बराच वेळ देठं मोडत राहिली. मला वाटलं, आता फुटणार. तशी फुटली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही दार उघडलं असतंत तरी मी तिला मार्क दिले नसते, वन्सं," ती म्हणाली. "इतकी दमले होते मी, की चूक कबूल करायलाही जोर लागतो ना, तोसुद्धा नव्हता. तिला वाटेला लावण्याचं काम माझंच होतं. ते तुम्ही केलंत, इतकंच."

मला रडू आलं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, आईच्या पाठीवरून फिरवायची तसाच.

शनिवारी शाळा सुटल्यावर गेलो. दुकान पुढून चकचकीत, मागे मात्र अंधारी खोली, एक खिडकी, घासायचं यंत्र. त्यावर पाण्याची बारीक धार चालू आणि काचेचा पांढरा गाळ खालच्या डब्यात साचत होता. ती रबरी एप्रन घालून बसली होती. सदतीस वर्षांची बाई, केस वर बांधलेले, बोटांची टोकं पाण्याने सुरकुतलेली. भिंग चाकाला लावायची, उचलायची, फ्रेममध्ये बसतंय का बघायची, परत लावायची. वहिनीला बघितलं आणि ताडकन उभी राहिली, वर्गात उभी राहावी तशी.

"बाई! तुम्ही? बसा ना."

वहिनी बसली नाही. ती सरळ बोलायला लागली. नववीची परीक्षा, तो प्रश्न, आपण सांगितलेलं उत्तर. "ते चूक होतं. तुझं बरोबर होतं. मी तुला शून्य दिलं. त्या एका प्रश्नाने तुझी तुकडी गेली. माझी चूक झाली गं."

खोदकामने हातातलं भिंग खाली ठेवलं. मग गोंधळून हसली. "मी काय लिहिलं होतं, बाई?"

आली का पंचाईत! तिला आठवतच नव्हतं. वहिनीने तिचं उत्तर तिला म्हणून दाखवलं, दगडापासून उबेपर्यंत, शब्दाला शब्द. ती डोकं तिरकं करून ऐकत होती, शेजारणीच्या मुलीचं ऐकावं तसं.

"हे मी लिहिलं होतं?"

"तूच."

"नाही हो बाई, काहीतरीच. तुमचंच बरोबर असणार." तिने यंत्र बंद केलं, हात पुसले. "माझी मुलगी आहे ना, नववीतच आहे, तुमच्याच शाळेत, दुसऱ्या तुकडीत. सहामाहीला तिला हाच प्रश्न होता. मी घरी तिला तुमचंच उत्तर पाठ करून घेतलं. ती पण फार प्रश्न विचारते. मी म्हटलं, जास्त डोकं चालवायचं नाही, बाईंनी सांगितलेलं लिहायचं. दोनपैकी दोन मिळाले तिला."

हे ती अभिमानाने सांगत होती हो. वहिनीने टेबलाची कड धरली.

"अगं, तू बरोबर होतीस."

"असू दे बाई."

"असू दे नाही. तू बरोबर होतीस आणि मी चूक."

"बरं," ती म्हणाली, आजारी माणसाची समजूत काढावी तशी.

मला राहवेना. म्हटलं, "आणि तू घरी आली होतीस तेव्हा तुला हाकलणारी ती मीच. बाईंना माहीतसुद्धा नव्हतं." तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "हो का? मला वाटलं, बाईंनीच सांगितलं असेल तसं." हे ती अगदी सहज म्हणाली.

मग वहिनी स्टुलावर बसली. गुडघे कटकन वाजले. एप्रनवाल्या बाईला समोर उभी करून तिने पहिल्यापासून शिकवायला घेतलं. घसा बसलेला, मध्ये खोकला, तरी दगड, वस्तुमान, वेग, सगळं. कण एकतर त्या पूर्ण वेगाने पळतो, नाहीतर तो नसतोच, मधलं काही नाही. मला वाटलं, पाणी दगडावरून चाललंय. खोदकाम मान डोलावत होती, हं, हं. हातात एक भिंग होतं, ते अंगठ्याने पुसत होती. मग अंगठा थांबला.

"पण बाई," ती म्हणाली.

"बोल."

"हे जास्त नंबरवाल्यांसाठी पातळ भिंग येतं ना, त्याचा विक्रेता सांगतो, यात प्रकाश जास्त सावकाश जातो, म्हणून पातळ करता येतं. आता तुम्ही म्हणताय, कण सावकाश होऊच शकत नाही. मग काचेत तो सावकाश कसा होतो? आणि पलीकडे बाहेर पडला की परत पहिल्यासारखा पळतो. त्याला पुन्हा ढकलतं कोण?"

वहिनी भिंगाकडे बघत राहिली. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक कुणाशी तरी फ्रेमच्या रंगावरून घासाघीस करत होतं. बत्तीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई, तिच्याकडे काहीतरी उत्तर असणारच होतं, निभावून नेण्यापुरतं. ते तिच्या जिभेवर आलेलं मला दिसलं.

"मला माहीत नाही गं," वहिनी म्हणाली. "खरंच माहीत नाही."

खोदकामच्या चेहऱ्यावरचं ते समजूत काढणारं हसू गेलं. डोळे भरून आले तिचे. रागाने आले की कशाने, मी काय सांगू?

"हे तेव्हा म्हणाला असतात ना, बाई," ती म्हणाली, "तर मी शोधलं असतं."